तिळाचं काय करायचं

लग्नाच्या पोरीनं तोंडावरचा तीळ काढायचा म्हटलं तर घरात कुणी कारण विचारत नाही. पंचेचाळिशी गाठलेल्या मास्तरनं म्हटलं की सगळं घरदार विचारतं. म्हणून मी कारण तयार ठेवलं होतं, दाढीचं. उजव्या गालावर, जबड्याच्या जरा वर, मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा आहे. ब्लेड तिथं हमखास अडखळतं. मग तुरटी फिरवायची, तरी रक्त थांबलं नाही तर पेपरचा कपटा चिकटवायचा आणि तसंच शाळेत जायचं. पोरं फळ्याकडं कमी आणि कपट्याकडं जास्त बघतात. कारण खोटं नाही. पण मला तो तीळ फोटोत आवडत नाही, हे त्याहून खरं, आणि ते परभणीत मोठ्यानं बोलायची सोय नाही.

बायको म्हणाली, “आता कुणाला दाखवायचंय?” तिळावर एक केस उगवतो, तो लक्ष्मीचा आहे असं आत्यानं ठरवलं, माझी पगाराची स्लिप तिनं पाहिलेली नाही. मेहुण्यानं घोड्याचा केस आवळून बांधायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी चुना आणि पापडखार. नव्वदीतल्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे हिरवट ठिपके आहेत. ती म्हणाली, “आमी सूपभर जवारी देऊन ठिपका काढून घेतला, अन् तू पैसे देऊन पुसायलास व्हय?” याला उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही.

डॉक्टरबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. हल्ली वाढलाय का? रंग बदललाय? खाजतो? ब्लेड न लागता रक्त येतं? इतक्या सल्लागारांत हे कुणाला सुचलं नव्हतं. दोन बाजू सारख्या नसलेला, कडा वेड्यावाकड्या, एकात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरहून मोठा किंवा बदलत चाललेला तीळ असेल तर तो दिसतो कसा हा प्रश्नच नाही, आधी तपासून घ्यायचा. भिंगातून माझा गाल निरखून त्या म्हणाल्या, हा साधा आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ होतो. लक्ष्मीचा संबंध नाही.

काढायचा तर भूल देऊन वरच्यावर खरवडता येतो, पण खाली पेशी राहिल्या तर तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. मुळासकट कापला तर टाके आणि बारीक रेघ. लेझरनं जाळला तर लॅबला पाठवायला काही उरत नाही, म्हणून थोडी जरी शंका असली तरी लेझर नको. आणि आपल्या सावळ्या कातडीवर तीळ गेलेल्या जागी काळा डाग पडून महिनोन्‌महिने राहू शकतो. ऊन लागलं की आणखी गडद. इथं मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, आणि गुरुजींना उन्हातान्हात हिंडायला लावणारी सरकारी कामंही नेमकी तेव्हाच निघतात. म्हणजे हे काम थंडीतलं, वर सनस्क्रीन. सनस्क्रीन लावून शाळेत गेल्यावर स्टाफरूममध्ये काय होईल, ते मी आत्ताच ऐकू शकतो. चुना-पापडखाराचं नाव काढलं तर बाई चिडल्याच. “भाजलेले गाल माझ्याकडंच येतात. तीळ असतो तिथंच, गाल मात्र जातो.”

दिवाळीनंतर काढायचा, असं मी ठरवलंय. भुवईजवळचा सपाट तीळ राहू दे, त्याची माझी काही तक्रार नाही.

एक अडचण शेवटी निघाली. माझ्या सेवापुस्तिकेत ओळखीची खूण म्हणून ‘उजव्या गालावर तीळ’ अशी नोंद आहे, शाईनं, सही-शिक्क्यासह. कार्यालयातल्या भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझा गाल न्याहाळला आणि म्हणाले, “काढा की सर. डाग राहिलाच तर सांगा, ‘गालावर व्रण’ लिहू. खूण म्हणून तेही चालतंय.”