शॉकवेव्हला पैसे भरायच्या आधी शुगर तपासा

आमच्या मेडिकलवर संध्याकाळी एखादा माणूस बाजूच्या पानठेल्यावर रेंगाळत दुकान रिकामं व्हायची वाट पाहत असला, की तो कायले आला हे मला न सांगता समजते. आधी डोकेदुखीची गोळी मागते, मग हळूच मोबाईल पुढे करते. पूर्वी ताकदीच्या गोळीचं नाव विचारायचे, आता लिंगाला ताठरता येत नाही त्यावरच्या शॉकवेव्ह नावाच्या मशीनच्या उपचाराचा व्हिडिओ दाखवतात. "भाऊ, हे मशीनवालं खरं हाय का? सहा सिटिंगमधी फरक पडते म्हणून राहिले." उभ्या उभ्या दोन मिनिटांत हे सांगता येत नाही, आणि तेवढ्यात दुसरं कोणी आलं की तो निघूनच जाते, म्हणून इथे लिहून ठेवतो, लिंक पाठवता येईल.

पहिले हे की मशीन खरं आहे आणि त्यात करंट नसतो. या दाबाच्या लहरी असतात. मुतखडा फोडायला ज्या लहरी वापरतात, जर्मनीत म्युनिकला 1980 साली पहिल्या पेशंटवर वापरल्या, त्याच जातीच्या, फक्त जोर खूप कमी, मुतखड्याच्या साधारण दहावा हिस्सा. जेल लावतात, मशीनची मूठ लिंगावर चार-पाच जागी टेकवतात, टकटक आवाज येते, भूल लागत नाही, वीसेक मिनिटांत माणूस पँट चढवून बाहेर. या हलक्या माराने तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांची नवी वाढ सुरू होते आणि रक्त जास्त येते, असा त्यामागचा विचार. इस्रायलच्या डॉ. योराम वार्दी यांच्या टीमने 2010 मध्ये पहिला प्रयोग छापला, 20 माणसांवर. दर सिटिंगला 1500 झटके, आठवड्यात दोन सिटिंग, तीन आठवडे, मग तीन आठवडे सुट्टी आणि परत तेच, म्हणजे एकूण 12 सिटिंग. त्यांना फरक दिसला. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी अभ्यास झाले, काहींत फायदा दिसला, काहींत खोट्या मशीनएवढाच, म्हणजे लहर न सोडता नुसतं टेकवलेल्या मशीनएवढाच. म्हणून अमेरिकेच्या युरोलॉजिस्टांनी, म्हणजे लघवीच्या आणि पुरुषांच्या अशा त्रासाच्या डॉक्टरांनी, 2018 च्या गाइडलाइनमध्ये याला प्रायोगिक म्हटलं. युरोपवाले जरा मोकळे आहेत, रक्तपुरवठ्याचा दोष असेल आणि त्रास सौम्य असेल तर पेशंटला सगळं समजावून देता येईल म्हणतात, पण तेही जोर देऊन नाही.

म्हणजे फसवणूक उपचारात नाही, विकण्याच्या पद्धतीत आहे. ज्याचा त्रास टेन्शनमुळे आहे, कर्जामुळे झोप उडाली आहे, ज्याचं टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन कमी आहे, ज्याचं बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळीने असं होऊन राहिलं, त्याला हे मशीन काय करणार? आणि मशीनमध्येही दोन जाती आहेत. एक फोकस्ड, ज्याची लहर आत ठरलेल्या खोलीवर जाऊन पोचते, अभ्यास बहुतेक त्याच्यावर झाले. दुसरं रेडियल, हवेच्या दाबावर चालणारं, टाच आणि कोपर दुखण्यासाठी फिजिओथेरपीवाले वापरतात ते. त्याचा जोर कातडीजवळच संपते. स्वस्त पडते म्हणून पुष्कळ ठिकाणी हेच ठेवतात, आणि पाटी मात्र दोघांची सारखीच.

आमच्या भागातला एक शेतकरी, नाव-गाव सांगत नाही, पंचेचाळिशीचा, कापसाचा चुकारा आला तसा शहरात जाऊन पॅकेज भरून आला. सगळे सिटिंग केले. एवढ्या चकरांत कोणी त्याची शुगर तपासली नाही, बीपी पाहिला नाही, छातीत दुखते का, चालताना दम लागते का, काही विचारलं नाही. आला तेव्हा म्हणे, "मले तं काईच फरक नाई वाटत भाऊ, अन् रातच्याला चार-पाच डाव उठा लागते." तहान पण खूप लागून राहिली होती. मी दुकानातल्या मशीनवर बोट टोचलं तर आकडा तीनशेच्या वर. मला खरंच राग आला. त्याच्यावर नाही. दोन मिनिटांचं काम कोणी केलं नाही त्याच्यावर.

हे एवढं कळकळीने लिहायचं कारण हेच. ताठरता येणं हे रक्तवाहिन्यांचं काम आहे. ठिबकमध्ये मेन लाइन चालू असते तरी बारीक नळी आधी चोक होते आणि शेवटचं झाड सुकायला लागलं की आपल्याला समजते, तसंच इथं होते. लिंगाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची, म्हणून बिघाड आधी खाली दिसते आणि हृदयाचा त्रास कधी कधी दोन-चार वर्षांनी येते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला हा त्रास सुरू झाला तर तो शरीराने दिलेला निरोप समजा. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, गरज पडली तर ईसीजी, आणि डॉक्टरने सांगितलं तर सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन. तीस वर्षांवरच्यांची शुगर अन् बीपी तर सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा. त्यांना "शुगर पाहायची" एवढंच सांगितलं तरी चालते, कारण सांगायची गरजच नाही.

आणि खर्रा. आमच्याकडे दिवसाला पाच-सहा पन्न्या घोटणारे कमी नाहीत आणि त्यातला एकही मला हे मान्य करत नाही, पण तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, बिडी असो की खर्रा. खर्रा चालू ठेवून मशीनला पैसे घालणं मला पटत नाही.

गोळीबद्दल पण बोलतो, कारण लोक मशीनकडे जातात ते गोळीच्या भीतीनेच. सिल्डेनाफिल 1998 पासून बाजारात आहे, डॉक्टरने तपासून लिहून दिली तर बहुतेकांना चालते आणि मशीनच्या मानाने खर्च काहीच नाही. पण ज्याला हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू आहे त्याने ही अजिबात घ्यायची नाही, बीपी एकदम पडून जीव जाऊ शकते. चिठ्ठीशिवाय मी देत नाही म्हणून काही जण नाराज होतात, होऊ द्या. एसटीच्या रस्त्याने भिंतींवर रंगवलेल्या आणि मोबाईलवर येणाऱ्या हमखास इलाजाच्या जाहिरातींचं तर काय सांगू, नपुंसकत्व बरं करायच्या औषधाची जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानेच बंद आहे, तरी चालूच.

तपासण्या झाल्या, शुगर आटोक्यात आली, गोळी लागू पडली नाही किंवा चालत नाही, आणि युरोलॉजिस्टनेच म्हटलं की दोष रक्तपुरवठ्याचा आहे, तेव्हा शॉकवेव्हचा विचार करा. तेव्हाही विचारा, मशीन फोकस्ड आहे की रेडियल, देणारा एमसीएच युरोलॉजी, म्हणजे या विषयाची मोठी पदवी घेतलेला डॉक्टर आहे का, फायदा नाही झाला तर पुढे काय. शक्य असेल तर बायकोला सोबत न्या. ती महिनोन् महिने मनात काहीतरी भलतंच धरून बसलेली असते, यांचं बाहेर काही आहे का, आपल्यातच काही कमी आहे का, आणि डॉक्टरच्या तोंडून शुगरचं नाव ऐकलं की तिला जे बरं वाटते ते मी समोर पाहिलंय. त्या शेतकऱ्याच्या घरी आता भाकरीपासून गोळीच्या वेळेपर्यंत सगळं वहिनीच सांभाळून राहिल्या. शुगर उतरली आहे, रात्रीचं उठणं कमी झालं, बाकीचं डॉक्टर पुढच्या तारखेला पाहणार आहेत.