ताई, कोण भारी वाजवलं?

कार्यक्रम संपून अर्धा तासही झाला नव्हता. कोल्हापूरला राजारामपुरीत तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले असतील, तरी धाकट्याचा मेसेज आला: "ताई, कोण भारी?" मागोमाग त्याच्या मित्रांचे आले. दुसऱ्या दिवशी इथे शेफील्डला फौंड्रीत गेले, तर कॅन्टीनमध्ये चहाच्या मशीनपाशी तोच प्रश्न, फक्त हेल यॉर्कशायरचा. गेले तीन दिवस मी हा प्रश्न टाळतेय आणि प्रत्येक वेळी मला त्याचा जास्त राग येतोय. म्हणून हे सविस्तर लिहिते.

२२ मे २०२३, सोमवार, शेफील्डचं ब्रॅमॉल लेन स्टेडियम. डेफ लेपर्ड आणि मॉटली क्रू हे दोन रॉक बँड. एक तिकीट, दोन बँड आणि पोस्टरवर दोघांची नावं सारख्याच मापाची. आधी वाजवणारा लहान आणि नंतरचा मोठा, असा हा मामला नाही. गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतली स्टेडियमं दोघांनी मिळून भरवली, आणि यंदाचा युरोपचा दौरा शेफील्डपासून सुरू केला. शेफील्डच का, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. डेफ लेपर्ड या गावची पोरं. १९७७ साली बँड उभा राहिला तेव्हा एका जुन्या चमच्यांच्या कारखान्यात ती तालीम करायची. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये स्टेनलेस स्टील शोधलं ते हेच गाव. इथे गाणंसुद्धा कारखान्यातूनच बाहेर पडणार! शिरोली एमआयडीसीत कास्टिंग तपासत नोकरीला सुरुवात केलेल्या मला या गावाचा लळा लागला, त्यात नवल नाही.

पण त्यामुळेच त्या रात्री अर्धी गर्दी यजमान होती आणि अर्धी पाहुणी. मॉटली क्रूचे लोक ग्लासगोहून, कार्डिफहून, काही तर जर्मनीहून आले होते. ते काळ्या शर्टांत घोळक्याने उभे. गावचे लोक मात्र सहकुटुंब, आजोबांपासून नातवंडांपर्यंत. मे महिन्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे कोण कुणाचा हे लांबून कळत होतं.

यजमानांमध्येही पुन्हा दोन तट होते आणि ते कोल्हापूरकरांना लगेच कळतील. ब्रॅमॉल लेन हे शेफील्ड युनायटेडचं मैदान. गावातला दुसरा संघ शेफील्ड वेन्सडे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच पाहिलेल्या माणसाला मी यापुढे काही समजावत बसत नाही. युनायटेड महिन्याभरापूर्वीच प्रीमियर लीगमध्ये चढले होते. वेन्सडे वर चढण्यासाठीच्या दोन सामन्यांच्या सेमीफायनलमधला पहिला सामना चार गोलांनी हरले होते. गेल्या गुरुवारी घरच्या मैदानावर ते सगळे गोल फेडून त्यांनी पेनल्टीवर मॅच काढली आणि पुढच्याच सोमवारी त्यांची वेम्बलीला फायनल होती. म्हणजे सगळं गाव आधीच तापलेलं. आमच्या फौंड्रीच्या मेल्टिंग विभागातला एक वयस्कर सहकारी जन्माचा वेन्सडेवाला. ब्रॅमॉल लेनच्या फाटकातून आत पाय टाकायचा नाही असा त्याच्या घरातला वडिलोपार्जित नेम. तो त्या रात्री आला होता. जाकिटाच्या आत निळा-पांढरा शर्ट घालून आला, पण आला. डेफ लेपर्डचा गायक जो एलियट हा पक्का युनायटेडवाला आहे हे ठाऊक असूनही आला. मला तो म्हणाला, "मैदान त्यांचं असेल, बँड सगळ्या गावाचा आहे."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

आणि म्हणूनच ज्याच्यासाठी माझं डोकं तापलं ते आता लिहिते. आमच्यापुढे दोन-तीन रांगांवर एक कंपू होता. सात-आठ जण, चांगले कमावते दिसत होते. त्यांचा बँड वाजत नव्हता तेव्हा हे लोक स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. बसले असते तर चाललं असतं. बाहेर जाऊन खाऊन आले असते तरी चाललं असतं. पण नाही, स्टेजकडे पाठ, हातात बिअर, आणि गाण्याच्या वरताण आवाजात घरांच्या किमतींवर चर्चा. एक गाणं नव्हे, दोन नव्हे, जवळजवळ सबंध वेळ. तिकडे चाळीस वर्षं वाजवणारी माणसं जीव ओतताहेत आणि इकडे मॉर्गेजचा व्याजदर! मी तुम्हाला मुद्दामच सांगत नाही की ते कुणाचे चाहते होते, कारण सांगितलं की ग्रुपवर लगेच त्याचाही हिशेब मांडाल. दुसऱ्या बँडच्या वेळी पाठ करणारे त्या बाजूलाही सापडलेच असते. मला चीड आली ती त्या पाठीची. पूर्ण पैसे भरून आलेल्या माणसाने अर्ध्या कार्यक्रमाचा अपमान करायचा, आणि तो आपल्या बँडवरच्या निष्ठेच्या नावाखाली! ज्या बँडसाठी तुम्ही एवढे कट्टर, त्याच बँडने या दुसऱ्यांना सोबतीला निवडलंय ना? मग त्यांच्याकडे पाठ करणं म्हणजे स्वतःच्या बँडच्या निवडीकडेच पाठ करणं झालं.

कोल्हापूरच्या देवल क्लबात मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून कंटाळत गाणी ऐकली आहेत. दोन गायकांची बैठक असली आणि पहिला आपल्या आवडीचा नसला, तरी पाठ करून बसायची हिंमत तिथे कुणाची झाली नाही. अल्लादियाँ खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि ज्यांच्या घराण्याचं गाणं त्या गावाने अंगावर वाढवलं, तिथे ऐकण्याची शिस्त होती आणि आहे. हे मी अभिमानाने सांगते. (आता शाहू स्टेडियमवर काही वेळा काय होतं, ते मला काढून दाखवू नका. फुटबॉल वेगळा, गाणं वेगळं.)

त्याच गर्दीत दुसरा एक माणूस भेटला, म्हणून राग थोडा खाली आला. ग्लासगोहून आलेला, सहा फुटांच्या वर, दंडभर गोंदलेलं, मॉटली क्रूचा जुना विटका शर्ट. शर्टावर त्या बँडचा गिटारवाला मिक मार्स याचं चित्र. मार्सने गेल्या ऑक्टोबरमध्ये आजारपणामुळे दौऱ्यांतून निवृत्ती घेतली, त्याच्या जागी जॉन फाइव्ह आला, आणि एप्रिलमध्ये तर मार्स आणि बँड यांचं प्रकरण कोर्टात गेलं. या बँडच्या चाहत्यांना हे नवं नाही. पुन्हा दौरा करणार नाही असा करार २०१४ मध्ये जाहीरपणे करून, २०१५ च्या ३१ डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम करून हे लोक थांबले होते. २०१९ मध्ये परतीची घोषणा झाली तेव्हा, शेवटचं म्हणून महागडं तिकीट काढलेले कितीतरी जण चिडले. ग्लासगोवाला त्यांतलाच. "मी चिडलो आणि पुन्हा तिकीट काढलं," म्हणाला. जॉन फाइव्ह वाजवत असताना तो आधी हाताची घडी घालून उभा होता. मग घडी सुटली. संपल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या, पण मार्सच्या चित्रावर एक हात ठेवून. त्याच्या मनात काय चाललंय ते मला पूर्ण कळत होतं.

माझी उंची तुम्हाला माहीत आहे. डेफ लेपर्ड वाजवत असताना मला पुढच्या खांद्यांशिवाय काही दिसेना. त्याने ते पाहिलं आणि पुढच्यांना हाक दिली, "बाईंना ड्रमर दिसू द्या!" चार-पाच माणसं काही न विचारता बाजूला झाली. मला रिक ॲलन नीट दिसला.

रिक ॲलनबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ३१ डिसेंबर १९८४ ला शेफील्डजवळच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि डावा हात गेला. वय एकवीस, पेशाने ड्रमर. बँडने दुसरा माणूस घेतला नाही, थांबले. डाव्या हाताचं काम पायाकडे देता यावं म्हणून इलेक्ट्रॉनिक पेडलं असलेला ड्रमसेट बनवून घेतला गेला, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मैदानावर तो हजारो लोकांपुढे बसला. पुढच्या वर्षी 'हिस्टेरिया' हा अल्बम आला. यंदा मार्चमध्ये फ्लोरिडात हॉटेलबाहेर त्याच्यावर हल्ला झाला होता, त्यामुळे गावाला त्याची काळजी लागून राहिलेली. पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि मैदान उठलं. मॉटली क्रूवाले पाहुणेही उठले. ग्लासगोवाला डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होता. शेजारी आमचा वेन्सडेवाला रडत होता आणि त्याला लाज वाटत नव्हती.

आता मला सांगा, यात "कोण भारी" कुठे बसवू?

विचारणाऱ्यांचा दोष नाही म्हणा. खासबागेतल्या कुस्तीवर वाढलेलं गाव आपलं, बरोबरीत सोडवलेली कुस्ती आपल्याला गोड लागत नाही, पाठ टेकलेली दिसावीच लागते. कॅन्टीनमधल्या गोऱ्यांचंही तेच. एक जण म्हणे क्रूचा आवाज फाटला, दुसरा म्हणे लेपर्ड फार घोटून वाजवतात, घाम दिसत नाही. तिसऱ्याने तर कुणाच्या वेळी बिअरची रांग लांब होती त्यावरून निकाल लावला. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे हा प्रश्न १९२१ मध्येच निकालात निघालाय. आणि भर कॅन्टीनमध्ये संयुक्त 'मानापमान' सांगितलं.

८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. एकीकडे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, दुसरीकडे बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी. दोन कंपन्या, दोन प्रकारचं गाणं, एकमेकांवर तुटून पडणारे दोन चाहतेवर्ग. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. म्हणजे केशवराव आपले, टेंबेही आपल्याच मातीतले. लोकांनी भरमसाट पैसे मोजून तिकिटं घेतली आणि एकाच रंगमंचावर दोघांना ऐकलं. कोण सरस ठरलं यावर मराठी माणूस शंभर वर्षं बोलतोय, पण त्या रात्री भामिनीच्या पदाला धैर्यधराच्या माणसांनी पाठ दाखवली असं मी कधी वाचलं नाही. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. त्या रात्री कुणी हट्टाने ऐकायचं नाकारलं असेल, तर त्याला ती संधी पुन्हा मिळाली नाही.

कॅन्टीन शांत झालं होतं. मेल्टिंगवाल्याने विचारलं, त्या केशवरावांच्या नावाचं काही आहे का तुमच्या गावात? आहे तर! शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून पुरं केलेलं पॅलेस थिएटर, आज केशवराव भोसले नाट्यगृह, शेजारी खासबाग. फोनवर फोटो दाखवला. इथे लेडमिल नावाच्या जुन्या क्लबला तेव्हा जागा सोडायची नोटीस मिळाली होती. डेफ लेपर्डने परवाच्या शुक्रवारी तिथे मुद्दाम छोटा कार्यक्रम केला, आणि अर्ध्या गावाच्या खिडक्यांत लेडमिल वाचवायची पोस्टरं होती. आमचं थिएटर तेव्हा शंभरी ओलांडून ताठ उभं होतं, तसं मी म्हटलं (हे २०२४ च्या आगीच्या आधीचं). हे बोलताना मला जे वाटलं ते कोल्हापूर सोडून राहणाऱ्यालाच कळेल.

धाकट्याचं म्हणणं असं की, तिकडे राहून आम्हाला ऐकायला शिकवू नकोस. मी इथे कामासाठी राहते, गाण्यासाठी नाही. पण सोमवारची पाळी संपवून संध्याकाळी एकटीने स्टेडियमला जाता येतं, ठरल्या वेळी आवाज बंद होतो आणि रात्री चालत घरी येता येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं आणि ते मी लपवणार नाही. कोल्हापुरात मला कधी भीती वाटली असं नाही. पण विसर्जन मिरवणुकीत भिंतीएवढ्या डॉल्बीसमोर माझ्यासाठी कुणी जागा करून दिल्याचंही आठवत नाही.

तर ग्रुपवाल्यांनो, मी निकाल देणार नाही. त्याऐवजी काम देते. लेपर्डवाल्यांनी क्रूचा 'शाउट ॲट द डेव्हिल' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, क्रूवाल्यांनी लेपर्डचा 'पायरोमेनिया'. दोन्ही १९८३ चेच आहेत, त्यामुळे वयाची सबब चालणार नाही. गाणी पुढे ढकलायची नाहीत. डिसेंबरमध्ये मी येतेय, रंकाळ्यावर भेटू आणि मग हवं तितकं भांडू.