तार ओळखीची, कापूस अनोळखी

मोटर वाइंडिंगमध्ये 19 वर्षं गेली. तांब्याची तार अंगठा आणि तर्जनीत फिरवली की गेज, म्हणजे जाडीचा नंबर, सांगतो, अशी मिजास होती माझी. सिगारेट सुटावी म्हणून वेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो आणि त्यातल्या लिक्विडची वाफ करणाऱ्या तारेच्या कॉइल स्वतःच वळायच्या असं ठरवलं, तेव्हा तारेचा प्रश्न आपल्याला पडणारच नाही असं धरून चाललो होतो. पहिलीच कॉइल चुकली, आणि चुकली ती तारेतच.

हिशोब साधा होता. 3 मिमीच्या ड्रिल बिटवर 26 गेज कँथलचे, म्हणजे हीटरच्या मिश्रधातूच्या तारेचे, सात वेढे. तारेची जाडी धरून वेढ्याचा मधला व्यास 3.4 मिमी, म्हणजे एका वेढ्याला 10.7 मिमी तार. सात वेढ्यांची 75, दोन पायांची 12, एकूण 87 मिमी. तक्त्यात 26 गेज कँथल ए-1चा रोध मीटरला सव्वाअकरा ओहम, म्हणजे कॉइल 1 ओहमच्या आसपास यायला हवी. मीटर म्हणतो 0.78.

स्क्रू सोडून पुन्हा आवळले. तेच. खरं तर सैल स्क्रूने रोध वाढतो, कमी होत नाही, हे मी पोरांना शिकवत आलोय. पण स्वतःची चूक शोधताना माणूस आधी स्क्रूच आवळतो. वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होत असतील म्हणून हलकेच लाल करून चिमट्याने दाबले. तरी 0.78. शेवटी मायक्रोमीटर काढला. तार भरली 0.457 मिमी.

तेव्हा ट्यूब पेटली. मी आयुष्यभर एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, वापरलं, सवयीने रीळही त्याच मापाचं आणलं. कॉइलचे तक्ते असतात एडब्ल्यूजीचे, म्हणजे अमेरिकन गेजचे. तिथलं 26 म्हणजे 0.405 मिमी. फरक अर्ध्या दशांशाचा, पण व्यासाचा वर्ग होतो ना, तारेचं क्षेत्रफळ पाव पटीहून जास्त वाढतं आणि रोध पाचव्या हिश्शाने पडतो. तेव्हापासून गेज बोलत नाही. मिलिमीटर बोलतो.

एक जाता जाता. साधा मल्टीमीटर इथे कामाचा नाही. त्याच्या नुसत्या वायरीच दोन-तीन दशांश ओहम खातात. मोटरला ते चालतं, अर्ध्या ओहमच्या कॉइलला नाही.

आता धातू. तीच 87 मिमी, त्याच 0.405च्या जाडीत नायक्रोम 80ची घेतली तर 0.73 ओहम येतो, एसएस 316एल या स्टेनलेस स्टीलची घेतली तर 0.5. नायक्रोम मऊ, बोटाचं ऐकतो, वेढे शेजारी शेजारी निमूट बसतात आणि बटण दाबताच तापतो. कँथल स्प्रिंगसारखा उसळतो, बिट काढला की अर्धा वेढा उलगडतो. वळायच्या आधी लायटरवर धरला की जरा नरमतो. नव्या माणसाला मी नायक्रोम द्यायला हवा. देत नाही, कारण माझं मनगट. घड्याळाच्या धातूच्या बकलाखाली मला पुरळ उठतं, निकेल सोसत नाही. नायक्रोम 80मध्ये नावाप्रमाणे 80 टक्के निकेल. एसएस 316एलमध्येही 10 ते 14 टक्के असतं. कँथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम, त्यात निकेल नाही. लाल केला की अॅल्युमिनियम वर येऊन ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तोच तारेचं पुढचं गंजणं अडवतो. बकल चालत नाही त्याने छातीत जाणाऱ्या वाफेखाली निकेल कशाला ठेवायचं, एवढंच माझं तर्कशास्त्र.

एसएसची एक गोष्ट मात्र वाइंडरला भुलवते. मोटर आतून किती तापली हे आम्ही वाइंडिंगचा रोध थंड असताना आणि चालल्यावर मोजून काढतो. टेंपरेचर कंट्रोलवाला वेप हेच करतो. एसएसचा रोध 250 अंशांपर्यंत साधारण पाचव्या हिश्शाने चढतो आणि यंत्र त्यावरून वॉट आवरतं. कँथलचा रोध तेवढ्या तापात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे तिथे हा मोड आंधळा. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम याच कामाचे, पण ते लाल करायचे नाहीत. टायटॅनियम जास्त तापलं की त्यावर ऑक्साइडची पांढरी भुकटी धरते. ज्या तारेला लाल करून तपासता येत नाही ती माझ्या डेकवर, म्हणजे कॉइल बसवायच्या बैठकीवर, येणार नाही. दोष दिसतो तो लाल केल्यावरच: एक पाय आधी पेटतो किंवा एखादा वेढा बाहेरून उजळतो. मधून सुरू होऊन कडेला पसरणारा लाल रंग आला की कॉइल झाली. त्याआधी कापूस घालू नका, चिमटा सिरॅमिकचा घ्या.

इथवर माझंच राज्य होतं. वातीने, म्हणजे कॉइलमध्ये ओवलेल्या, लिक्विड शोषणाऱ्या कापसाने, माज उतरवला.

पहिल्या दिवशी मी कापूस ठासून भरला. वाइंडरची सवय, स्लॉट रिकामा दिसता कामा नये. तिसऱ्या झुरक्याला घशात जळक्या कागदाचा चटका बसला आणि डोळ्यांतून पाणी आलं. घडतं काय, तर लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल 188 अंशांना उकळतं, ग्लिसरीन 290ला. वात ओली आहे तोवर सगळी उष्णता उकळण्यात खर्च होते, म्हणून तार फार वर चढत नाही. ओल संपली की तार सुसाट तापते, कापूस करपतो आणि उरलंसुरलं लिक्विड फुटून फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिनसारखी वायुरूप घाण तयार होते. म्हणून चटका बसला तर ‘एक झुरका अजून’ नाही. कापूस बदलायचा.

मग उलट टोक गाठलं, इतका सैल भरला की लिक्विड तोंडात उडायला लागलं. मधलं माप बोटांना कळायला दोन आठवडे गेले. आता असं करतो: पट्टीचं टोक पीळ देऊन अणकुचीदार करतो, कॉइलमधून ओढतो आणि कॉइलकडे बघत राहतो. ती किंचित थरथरली पाहिजे, पण वाकली किंवा पुढे सरकली नाही पाहिजे. अजिबात हलली नाही तर कापूस कमी. मग दोन्ही टोकं तिरकी कापून चिमट्याने विंचरतो, म्हणजे कॉइलमध्ये घट्ट आणि खाली टाकीत मोकळी. ग्लिसरीन जास्त असेल तर आणखी मोकळी, कारण ते काकवीसारखं सावकाश चढतं.

कापूस कुठला, यावर मला फार वाद नको. बोंडातला कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो, धाग्यावर मेण असतं. तो उकळून धुतल्याशिवाय लिक्विड पिणारच नाही. औषधी कापूस धुतलेला असतो, वाटीभर पाण्यात टाकला की दहा सेकंदांत बुडाला पाहिजे. ही परीक्षा मी प्रत्येक नव्या पाकिटाची घेतो. रेयॉन भिजल्यावर कापसासारखा फुगत नाही, म्हणून तो थोडा जास्त घट्ट भरावा लागतो. सिलिकाची दोरी जळत नाही, लाल केली तरी टिकते, वाइंडिंगमधल्या काचेच्या स्लीव्हची सख्खी बहीण. म्हणूनच ती मला नको. काचेची स्लीव्ह कापल्यावर हाताला काय टोचतं ते मला ठाऊक आहे.

कॉइल कशीही वळली तरी निकोटीन निकोटीनच. लिक्विडच्या मिलीलिटरला 12 मिलिग्रॅमवरून 3वर आलोय, अजून सुटलेलं नाही. सिगारेट ओढतच नाही त्याने या तारेच्या नादी लागू नये, आणि नादी लागलेल्याने 0.5 ओहमची कॉइल थेट बॅटरीवर चालणाऱ्या मेकॅनिकल वेपवर बसवण्याआधी भागाकार करावा: भरलेल्या 4.2 व्होल्टच्या सेलमधून 8.4 अँपिअर निघतात. सेल सतत तेवढे देऊ शकतो का, हे सेलच्या माहितीत बघायचं, दुकानदाराच्या तोंडून नाही.

10 मीटरच्या रिळात माझ्या नव्वदेक कॉइल होतात. ते चुकीचं एसडब्ल्यूजीचं रीळच अजून चालू आहे, दोन वेढे वाढवले की 1 ओहमच्या जवळ येतं. दीड वर्षात निम्मंही संपलं नाही. कापसाचं पाकीट मात्र परवा चौथं फोडलं.