युग्लिना नक्की कुणाची?

काल डबक्यातलं हिरवं पाणी स्लाइडवर घेतलं तर युग्लिना हा एका पेशीचा जीव सापडला, मग काय, तासभर हललेच नाही. लाल ठिपक्याला शाळेत डोळा म्हणायचो, पण तो नुसती सावली पाडतो, उजेड कळतो तो कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या शेपटीच्या बुडाशी. आणि ही शेपटी पुढे असते बरं का!

हिरवी असूनही अंधारात आयतं खाऊन जगते, म्हणून बॉटनीवाले म्हणायचे आमची, झूलॉजीवाले म्हणायचे आमची, शेवटी १८६६ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने असल्या जिवांसाठी प्रोटिस्टा हे वेगळं खातंच काढलं. आता कळतंय की स्लीपिंग सिकनेस हा आजार देणारा ट्रिपॅनोसोमा परजीवी हिच्या नात्यातला, आणि हिरवेपणाही उसना, कुठल्यातरी पूर्वजाने शेवाळ गिळलं नि पचवलंच नाही, म्हणून क्लोरोप्लास्टला, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणाला, तीन पापुद्रे.

स्लाइड सुकायला लागली तशी युग्लिनाबाई गोळा होऊन बसली.