आवाज न करणारं इंजिन

तात्यांचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात एका रिक्षाचा क्लच खोलून बसलो होतो. "मिस्तरी, आपली तीनचाकी परत बसली. टेम्पोत टाकून आणू का?" म्हटलं नको, मीच येतो. गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी जिथे बंद पडते तिथेच बघावी. टेम्पोतून येईपर्यंत ती थंड होते आणि गॅरेजात अगदी शहाण्यासारखी चालते.

मळा गिरणाऱ्याच्या पुढे, चढावर. डिसेंबर होता, द्राक्षांत पाणी उतरायला लागलं होतं. शेडमध्ये ती उभी होती: होंडाची एटीसी २००, फुगीर टायरांची, मातीत चालवायची तीनचाकी मोटरसायकल, ऐंशीच्या दशकातली. १९२ सीसीचं एअर कूल्ड सिंगल इंजिन, दोरी ओढून चालू करायचं. तात्यांच्या भावाने मुंबईतल्या कुठल्याशा लिलावात घेतलेली. औषधाचे कॅन आणि क्रेट वर न्यायला वापरतात. हिला शॉकअप नाहीतच, फुगीर टायर तेच शॉकअप. त्यात हवा तीन पीएसआयच्याही आत लागते. गावातल्या पंक्चरवाल्याने एकदा पंचवीस भरली होती, तेव्हा गाडी बेडकासारखी उड्या मारत होती म्हणे.

तक्रार अशी: सकाळी थंडीत दुसऱ्या ओढीला चालू. पंधरा मिनिटं छान. मग वरच्या प्लॉटचा चढ लागला की दम तुटतो आणि बंद. अर्ध्या तासाने पुन्हा चालू. आधीच्या मिस्तरीने कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा धुतला, प्लग तर किती बदलले कोण जाणे.

"बाकी इंजिन बघा कसं," तात्या कौतुकाने म्हणाले. "रुपया उभा करा टाकीवर. टॅपेटचा टिक सुद्धा नाही."

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग; दोघांत बारीकशी फट लागते, टिकटिक तिचीच. हे ऐकून खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. पण मीही आधी पेट्रोलच्याच मागे लागलो. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी धरते आणि पेट्रोल उतरत नाही, लक्षणं साधारण अशीच. झाकण सैल ठेवून चढ चढवला. त्याच वळणावर, त्याच शेवग्याच्या झाडाखाली बंद.

लगेच प्लग काढला, हेडला टेकवून दोरी ओढली. निळी, कडक ठिणगी. म्हणजे गरम असतानाही करंट होता; नवी कॉइल फुकट गेली. प्लग परत बसवला, पुन्हा दोरी ओढली आणि हात थांबला. सकाळी हीच दोरी मधेच अडत होती, खांद्याला झटका देत होती. आता विहिरीतून रिकामी बादली ओढावी तशी सरसर आली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं होतं. गेज लावलं तर काटा साठच्या पुढे जाईना.

व्हॉल्व्ह नीट मिटत नसणार, असा संशय आला. पण आता गाडी थंड होईपर्यंत टॅपेटला हात लावायचा नाही. तात्यांनी चहा मागवला, भाकरी-ठेचा झाला, तरी हेडवर हात ठेववेना. दोन तास गेले.

मग मॅग्नेटवरची टी खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण, जुळवली, कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर असल्याची खात्री केली, टॅपेटच्या टोप्या काढल्या. इथे ०.०५ मिलिमीटरची फट लागते. इनटेकच्या व्हॉल्व्हला फिलरची, म्हणजे फट मोजायची, पट्टी जरा घट्ट गेली. एक्झॉस्टला गेलीच नाही. ०.०३ चीसुद्धा नाही. आवाज करतंय म्हणून कुणीतरी टॅपेट आवळून ठेवले होते. त्यात जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो जिथे टेकून मिटतो त्या कडीत, खाली खाली बसत जातो, तशी उरलीसुरली फटही संपते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून लांबला की त्याला मिटायला जागाच राहत नाही. टिकटिक करणारा टॅपेट फार तर कान खातो. गप्प बसलेला व्हॉल्व्ह जाळतो.

दोन्ही फटी लावल्या, नट कसले. व्हॉल्व्हची सीट जळली असेल ही धाकधूक होतीच. शेवग्याच्या पुढे, थेट वरच्या बांधापर्यंत गाडी नेली, बंद केली आणि तापलेल्या इंजिनाची दोरी ओढली. अडली! गेजवर सव्वाशे. नव्या इंजिनाइतकं नाही, पण हंगाम निघेल.

खाली आलो तर तात्यांचा दहावीतला नातू सीटवर बसायला टपलेला. त्याला उतरवलं. मागचा एक्सल अखंड, वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर अंग नीट झोकलं नाही तर ही उलटते. अमेरिकेत १९८८ साली सरकार आणि कंपन्यांत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली, ती याच काळजीपायी. नातवाने तोंड वाकडं केलं.

तात्या मात्र हेडजवळ कान लावून उभे होते.

"मिस्तरी, टिकटिक करतंय की हो आता."

"करू द्या," मी म्हटलं. "बंद झाली की फोन करा."