स्टॅटच्या रकान्यातलं 'डी'

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश ऊन, आणि काकांचा फोन आला. "भाऊ, मशीन नुसती घुमून राहिली. बिलच निघून नाही राहिलं. बंद करून चालू करू का?" आठवड्यातली ही तिसरी वेळ. मागच्या दोन्ही वेळा आम्ही तेच केलं होतं, आणि दुखणं कुठे आहे ते तसंच झाकून गेलं होतं. म्हटलं, "काका, बटणाला हात नका लावू, मी येतो."

मशीन लिनक्सवर चालतं. माउस हलत नव्हता, म्हणून कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून नुसत्या कमांड टाइप करायचा काळा पडदा उघडला आणि पीएस ए-यू-एक्स दिलं. चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची, म्हणजे कामांची, यादी देणारी ही कमांड. या तीन अक्षरांआधी डॅश नसतो. डॅश दिला की अर्थ बदलतो. दोनशेच्या वर ओळी सरसर वर निघून गेल्या. मग तीच यादी लेस नावाच्या प्रोग्रॅममधून एकेक पान करत वाचली.

आधी सीपीयूचा रकाना बघितला, सगळे बघतात तसा. एकही मोठा आकडा नाही. इथे फसायला होतं, कारण पीएसमधला हा टक्का त्या क्षणाचा नसतो, प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. आत्ताचं बघायचं तर टॉप ही दुसरी कमांड लावावी लागते. टॉप लावलं, तर सीपीयू जवळपास मोकळा आणि लोड ॲव्हरेज, म्हणजे कामांच्या रांगेची सरासरी, मात्र ९ च्या वर! चार कोअरचं मशीन, काम कोणी करत नाही, आणि रांग एवढी मोठी. लिनक्समध्ये लोड मोजताना सीपीयूसाठी थांबलेल्यांसोबत डिस्कची वाट बघत अडकलेलेही धरतात, हे तेव्हा आठवलं.

मग पीएसच्या यादीत परत जाऊन स्टॅटचा, म्हणजे प्रत्येक प्रोसेसची अवस्था सांगणारा, रकाना बोटाने वरून खाली वाचला. एस, एस, एस. म्हणजे निवांत झोपलेले, काम आलं की उठतील. आणि मध्येच डी. खाली परत डी. ही झोप वेगळी, यातून उठवता येत नाही. डीवाल्या बहुतेक ओळींवर एकच नाव होतं, आरसिंक, फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम. आमचाच बॅकअप!

पीएस -ईएफमध्ये पालकाचा, म्हणजे ज्याने तो प्रोसेस सुरू केला त्याचा, नंबरही दिसतो. तो धरून वर वर गेलो तर क्रॉन निघाला, ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम. बॅकअप दर अर्ध्या तासाने मीच लावला होता. पहिला संपलाच नव्हता आणि त्याच्यावर दुसरा, तिसरा, चौथा चढत गेला होता. एकेक आरसिंक स्वतःचे दोन-तीन प्रोसेस काढतो, त्यामुळे गर्दी आणखी वाढलेली.

प्रोसेस बंद करायला किल दिलं, काही झालं नाही. जबरदस्तीने बंद करणारं किल -९ दिलं, तरी ओळी जागच्या जागी. डीमधला प्रोसेस कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेला असतो. तो तिथून बाहेर येईपर्यंत -९ सुद्धा त्याला लागू होत नाही.

मग टेबलाखाली वाकलो. बॅकअपची यूएसबी डिस्क तिखटाच्या पोत्याला टेकून होती आणि वायर पिनेजवळ पिळवटली होती. हात लावला की दिवा विझायचा, सोडला की लागायचा. वायर काढून घेतली आणि पीएस परत दिलं. चार आरसिंक गेले होते, थोड्या वेळाने उरलेलेही गेले. काका गल्ल्यावरून ओरडले, "निघालं रे बिल!"

नवी वायर सीताबर्डीहून आणली. क्रॉनच्या ओळीत फ्लॉक घातलं, म्हणजे आधीचा बॅकअप चालू असताना दुसरा सुरूच होणार नाही. रात्री साडेआठला, शटर अर्धं खाली असताना, परत यादी काढली. बॅकअप एकच चालू होता. काका खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी स्टॅटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे एस म्हणजे बरोबर चालून राहिलं ना?" मी हो म्हटलं.