ओढताना नव्हे, ढकलताना

अमेरिकेतील ओहायो राज्यात नोकरी करताना मी सुटीच्या दिवशी हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची गणिते तपासून देतो. अशाच एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या दोन आसनी विमानाची एलिव्हेटरची (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरच्या हलत्या फळीची) नियंत्रणव्यवस्था पाहण्यासाठी मला हँगरमध्ये बोलावले. विमानाचे ॲल्युमिनियमचे अंग उन्हात पोलादी केबलपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि त्यामुळे केबलचा ताण सतत बदलत राहतो, म्हणून त्यांनी केबलऐवजी पुशरॉड, म्हणजे ओढता-ढकलता येणारा ताठ दांडा, निवडला होता. हा विचार मला पटला. स्टिकपासून (वैमानिकाच्या हातातील नियंत्रणदांड्यापासून) मागच्या बेलक्रँकपर्यंत (हालचालीची दिशा बदलणाऱ्या तरफेपर्यंत) 25 मिलिमीटर व्यासाची, 0.9 मिलिमीटर जाडीची आणि 1.8 मीटर लांबीची ॲल्युमिनियमची एकसंध नळी त्यांनी बसवली होती.

एलिव्हेटर पक्का बांधून स्टिक सर्व शक्तीनिशी ओढली तरी काहीही हलले नाही, असे त्यांनी समाधानाने सांगितले. ते खरेच होते. परंतु त्यांच्या रचनेत नळी स्टिकच्या खिळीखालच्या भुजेला जोडलेली असल्यामुळे स्टिक मागे ओढली की नळीवर ताण येत होता आणि पुढे ढकलली की दाब. लांब, बारीक नळी ताणाला सहसा दाद देत नाही. ती दाबाखाली बाजूला वाकते आणि हे वाकणे धातूच्या मजबुतीवर नव्हे, तर नळीची लांबी, व्यास व ताठरपणा यांवर अवलंबून असते. दाबाखालच्या वाकण्याची मर्यादा सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रानुसार या नळीची मर्यादा जेमतेम 110 किलो येत होती आणि स्टिकची तरफ चौपट होती, म्हणजे मुठीवरचा जोर नळीवर चौपट होऊन पोहोचत होता.

आम्ही स्टिकच्या मुठीला पट्टा बांधला, मध्ये लटकता काटा अडकवला आणि पुढच्या दिशेने खेचू लागलो. काटा 25 किलोच्या आसपास पोहोचताच नळी वेताच्या छडीसारखी बाजूला झुकली. एलिव्हेटर बांधलेलाच होता, तरीही स्टिक पुढे सरकत गेली. उतरण्याच्या बेतात, ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारी जुळणी) पूर्ण मागे, म्हणजे नाक वर ठेवण्याच्या स्थितीत, असताना वैमानिकाने पुन्हा पूर्ण शक्ती दिली, तर नाक वर उसळते आणि ते खाली आणण्यासाठी स्टिक जोराने ढकलावी लागते. नेमकी त्या क्षणी ही नळी दगा देणार होती. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रमाणित हलक्या विमानांच्या जुन्या अमेरिकन नियमावलीत एलिव्हेटरच्या स्टिकवर 167 पौंड, म्हणजे सुमारे 76 किलो, बल धरले जाई. हौशी विमानाला ते बंधनकारक नाही, पण घाबरलेला माणूस किती जोर लावील याचा तो अंदाज मला योग्य वाटतो. चौपट तरफेने नळीवर 304 किलो येतात आणि दीडपट सुरक्षागुणक धरल्यास 456. मध्यभागी झुलता आधार दिला की लांबी निम्मी व क्षमता चौपट होते, म्हणजे 440. एवढ्या थोडक्या फरकासाठी नळी बदलायची का, असे त्यांनी विचारले. हे सूत्र नळी पूर्णपणे सरळ आहे असे गृहीत धरते आणि प्रत्यक्षात ती कधीच तशी नसते, म्हणून मी होकार दिला. तेवढ्याच जाडीची 32 मिलिमीटर व्यासाची नळी या आधारासह सुमारे 940 किलोपर्यंत जाते आणि वजन शंभर ग्रॅमनेही वाढत नाही.

पुढच्या चाचणीत 76 किलोला नळी सरळ राहिली. मात्र मधल्या आधाराचा कंस ज्या पातळ पत्र्यावर रिव्हेट केला होता, तो पत्राच फुगून आत-बाहेर होत होता. त्यामागे कोनी पट्टी बसवल्याशिवाय मी पत्रकावर सही केली नाही.